हॉटेलच्या लॉबीचं वातावरण नेमकं कशाने बनतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंटिरिअर डिझाईनच्या प्रोजेक्टसाठी मोठ्या शहरांतली हटके हॉटेलं असा विषय घेऊन बसलेय आणि आता पुरती अडकलेय. कोपनहेगनच्या एसएएस रॉयलपासून सुरुवात केली, १९६० साली उघडलेलं, आर्ने याकोबसेनने बिल्डिंगपासून खुर्च्या, दिवे, अगदी काटे-चमच्यांपर्यंत सगळं स्वतः डिझाईन केलेलं, ती फेमस एग चेअर पण तिथलीच, पुढे बाकी हॉटेल बदललं पण ६०६ नंबरची खोली मूळ रूपात जपलीय. इथवर ठीक, एकाच माणसाचा हात दिसतो.

पण टोकियोच्या ओकुराचं कोडं काही सुटत नाहीये. १९६२ ची ती लॉबी, षटकोनी कंदिलांच्या माळा, बुटक्या खुर्च्या, मंद उजेड. २०१५ मध्ये पाडली, लोक हळहळले, मग मूळ आर्किटेक्ट योशिरो तानिगुचींच्या मुलानेच, योशिओ तानिगुचींनी, ती नव्या इमारतीत पुन्हा उभी केली आणि २०१९ ला हॉटेल उघडलं. आता सांगा, सगळं तसंच लावलं की वातावरणपण परत येतं का?

उलट अटलांटाच्या हयात रीजन्सीमध्ये, १९६७, जॉन पोर्टमनने २२ मजली उंच अट्रियमच (म्हणजे इमारतीच्या आत वरपर्यंत मोकळी सोडलेली जागा) ठेवलं, तिथे मान वर करूनच बघायचं (फोटो बघतानाही माझी मान वर जाते!).

तर प्रश्न असा की छताची उंची, उजेड, आवाज, बसायची पद्धत यातलं सगळ्यात जास्त काम कोण करतं? कुणी यातल्या एखाद्या ठिकाणी राहिलं असेल तर फोटोत न कळणारं काय जाणवलं ते प्लीज लिहा, आवाजाबद्दल तर नक्कीच.