बांधावरची झाडं 6 की 4? विचार करायला लावणारी पानं वर्गात कोणी तपासायची?

पाटीपुसणी
गेली तीन वर्षं एका छोट्या गटाबरोबर तिसरी-चौथीसाठी गणिताची पानं लिहितोय. सरावाची नव्हेत, मुलाला थोडं थांबायला लावणारी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. असं पान लिहिणाऱ्यानं स्वतःच वर्गात नेऊन पाहिलं, तर ती चाचणी धरूच नये. लेखक घरी बसलेला असताना, नेहमीच्या शिक्षकानं, नेहमीच्या गोंधळात ते चालवलं तर खरं काय ते कळतं.

एक उदाहरण देतो. प्रश्न असा होता: 25 मीटर लांब बांधावर दर 5 मीटरवर एक झाड लावायचं आहे, किती झाडं लागतील? टोकांबद्दल मुद्दामच काही लिहिलं नव्हतं. घाईत मुलं 5 म्हणतील, चित्र काढलं की 6 वर येतील, असा आमचा हिशोब.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी स्वतः गेलो. पहिली दहा मिनिटं 'बांध' या शब्दातच गेली. तिथे त्याला धुरा म्हणतात. मग एका मुलीनं 4 लिहिलं. का, म्हणून विचारलं. तर म्हणाली, "टोकावर कोन लावते जी? तिथून दुसऱ्याचं वावर लागते. भांडन होते ना."

मी खूश होऊन परत आलो. पुढच्या महिन्यात तेच पान दुसऱ्या शाळेत पाठवलं, मी गेलो नाही. 22 पानं परत आली. बावीसच्या बावीस पानांवर 6. चार ठिकाणी मूळ 4 होतं, त्यावर तांबडी फुली मारून शेजारी 6 लिहिलेलं. माझ्या भेटीनंतर आम्ही अहवालात 'पान उत्तम चालते' असं लिहून बसलो होतो. चाललं होतं ते पान नव्हे, मी चाललो होतो.

हातचा एक
तांबडी फुली मारणारा मीच समजा. तुमच्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या पानांवर मारल्या आहेत.

माझ्याकडे पहिली ते चौथी एकत्र. जोडीदार मॅडम प्रतिनियुक्तीवर, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडेच. सकाळी यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी आकडेवारीची माहिती भरायची, मधे खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, त्यात कोणी 'फक्त एक तास द्या गुरुजी' म्हणत येतं. तुमची चाचणी माझ्या हजेरीपटावर होते, हे कोणी लक्षात घेतं का? पान फसलं तर तुम्ही दुसरा खर्डा लिहिता. माझ्या पोरांचा तास मात्र गेला तो गेला.

आणि मला सांगा, पानाबरोबर जी उत्तरसूची येते तिच्यात 6 छापलेलं असतं. मी 4 ला बरोबर देऊ कसा? उद्या केंद्रप्रमुख वही उघडून विचारतील, त्यांना शेजारच्या वावराची गोष्ट सांगू? तुम्ही मुलाला तपासता, मास्तरला तपासता. सूची कोण तपासतं?

2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी समितीची बाजू पेपरांतून, वाहिन्यांवरून मांडली, ते बरंच झालं. पण शाळेच्या फाटकात पालकांचं ऐकायला मीच उभा होतो. मी तर तेव्हा एकवीस-बावीसच शिकवत होतो, दोन्ही चालणार होतं.

शिकवणीवाला
मुळावरच बोलतो. 'समस्या सोडवण्याचं कौशल्य' नावाची वेगळी वस्तू आहे, हेच मला पटत नाही. गणितज्ञ पोल्यानं 1945 साली चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मागे वळून पाहा. छान आहेत. पण ज्याला भागाकार येत नाही त्याला या पायऱ्या कुठेच नेत नाहीत. ज्याला येतो तो न सांगताही त्या चढतो.

मी शिष्यवृत्तीचे वर्ग घेतो, लपवत नाही. मी आधी सोडवलेली उदाहरणं प्रकारानुसार दाखवतो. खांब आणि अंतर, मग ओंडक्याचे काप, मग जिन्याचे मजले. तीन-चार दाखवली की पोरं पाचवं आपोआप करतात. ऑस्ट्रेलियात स्वेलर आणि कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितावर हेच दाखवलं: नवख्या मुलांना नुसतं झगडत ठेवण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ती कमी वेळात आणि कमी चुका करत शिकतात. तुमची धुऱ्यावरची मुलगी हुशार आहे यात वाद नाही. पण ती हुशारी तुमच्या पानानं दिली नाही, तिच्या घरच्या वावरानं दिली. पानाचं श्रेय काय?

पाटीपुसणी
श्रेयाचा मुद्दा मान्य. पण पान नसतं तर ती हुशारी वर्गात दिसलीही नसती.

आता तुमच्या 'प्रकारां'बद्दल. प्रकार ओळखून आकडे जुळवायची सवय लागली की काय होतं ते पाहा. फ्रान्समधल्या ग्रनोब्लला 1980 च्या सुमारास शिक्षकांच्या एका गटानं दुसरी-तिसरीच्या 97 मुलांना विचारलं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? 76 जणांनी त्या आकड्यांचं काहीतरी करून वय सांगितलं. मी चौथीत तेच आकडे घेऊन मेंढपाळाचं वय विचारून पाहिलं. एकानं 36 सांगितलं. वजाबाकी का नाही केलीस, विचारलं तर म्हणाला, "16 वर्षांचा पोरगा एवढ्या मेंढ्या कशा सांभाळंल?"

शिकवणीवाला
अहो, मग त्यानं विचार केलाच की! तुम्हीच तुमचं उदाहरण मोडलंत.

आणि त्या प्रयोगात मला मुलांचा दोष दिसतच नाही. गुरुजी फळ्यावर प्रश्न लिहितात म्हणजे त्याला उत्तर असणार, गुरुजी फसवणार नाहीत, हा भरवसा आहे. तो मोडून काय कमावता?

हातचा एक
हे मात्र खरं बोललात. माझ्या वर्गात प्रश्न पुरता वाचून होत नाही तोवर "गुरुजी, बेरीज का गुणाकार?" येतंच. रोजचं आहे. मी सांगूनही टाकतो, कारण नाही सांगितलं तर चाळीस मिनिटं जातात आणि पलीकडे पहिलीची पोरं एकमेकांच्या पाट्या फोडतात.

नर्मदाकाठ
इथे कोणी होशंगाबादचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, 1978 ला जिल्हाभर गेलं. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे आपले अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन जे पुढे आले, ते याच कामातून. 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं शिक्षकांच्या मासिक बैठकांत उलटीपालटी व्हायची. हा प्रयोग होत नाही, ही सूचना कळत नाही, असं शिक्षक तोंडावर सांगायचे आणि पुढच्या आवृत्तीत ते बदलायचं. म्हणजे तपासणारा मास्तरच. हातचा एक यांची तक्रार तिथे बैठकीचा विषय झाली असती.

पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट परीक्षा ही होती. आठवीच्या बोर्डाला पुस्तक उघडं ठेवून पेपर, शिवाय प्रात्यक्षिक. पाटीपुसणी, तुम्ही फक्त पान तपासताय. पान बदललं आणि पेपर तोच राहिला, तर शिकवणीवाले जिंकणार आणि त्यात त्यांची चूक नाही.

शिकवणीवाला
आणि तो कार्यक्रम 2002 मध्ये बंद झाला, हेही लिहा. तीस वर्षं तपासलेलं, एका सरकारी आदेशानं गेलं.

नर्मदाकाठ
लिहितो. गेलं. पण म्हणून ते तपासणं वाया गेलं असं म्हणणं म्हणजे पीक बुडालं म्हणून बियाण्याला नावं ठेवणं.

हातचा एक
पाटीपुसणी, माझ्या तीन अटी. पानं शनिवारच्या सकाळच्या शाळेत घेईन. फोटो मागायचे नाहीत, ऑनलाइन लिंक भरायला लावायची नाही. आणि सूचीत नुसता आकडा नको, पोरं आणखी काय काय म्हणतात ते लिहा, म्हणजे मला वरच्यांना दाखवायला कागद राहील. असं असेल तर पाठवा.

पाटीपुसणी
पाठवतो. सोबत टपालाचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही.

नर्मदाकाठ
एक विचारायचं राहिलं. त्या धुऱ्याच्या पानाचं शेवटी काय छापलंत, 6 का 4?

पाटीपुसणी
6. खाली एक ओळ होती, 'मूल 4 म्हणाले तर कारण विचारावे'. पानं जुळवताना जागा पुरेना म्हणून ती काढली गेली. छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं.