मदत हवी आहे : आईच्या मणक्याचं ऑपरेशन, हाडं ठिसूळ. स्क्रू धरतील का?

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. आई ७१ वर्षांची. कमरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढं सरकलाय, नसा दबल्यात. दारातल्या तुळशीपर्यंत गेली की पाय भरून येतात, खाली बसली की उतरतं. जन्म द्राक्षबागेत गेला, आता बांधापर्यंतही जाता येत नाही याचंच तिला जास्त. गोळ्या, फिजिओ, कमरेतलं इंजेक्शन सगळं करून झालं.

सांगलीतल्या सर्जननी स्क्रू-रॉड घालून मणके बांधू म्हणून सांगितलं, तेही लगेच. मिरजेत दुसरं मत घेतलं, तर ते डॉक्टर डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट बघून थांबले. टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलनेचा आकडा) उणे ३.४. दम्यासाठी आई कैक वर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेते, त्यानं हाडं पोखरलीत म्हणाले. आधी तीन महिने टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं, मग ऑपरेशन, तेही सिमेंटवाल्या स्क्रूंनी.

थांबण्यात काही अर्थ आहे का? सिमेंट फुप्फुसात जातं असं भाऊजी कुठंतरी वाचून आलेत, तेव्हापासून घरात भांडणं. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

कराडचा हाडवैद्य :
दादा, मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. फिल्म न बघता निर्णय देणार नाही, पण मिरजेच्या डॉक्टरांचं म्हणणं बिनबुडाचं नाही.

उणे २.५ च्या खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं धरतात, आईचा आकडा त्याच्याही बराच खाली. शिवाय या वयात मणक्याला हाडाची टोकं वाढलेली असतात, त्यामुळे कमरेचा डेक्सा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. सीटी झालं असेल तर कमरेच्या पहिल्या मणक्याचं हाउन्सफिल्ड (सीटीवरून हाडाची घनता सांगणारा आकडा) मोजायला सांगा. ११० च्या खाली असेल तर हाड नक्कीच विरळ.

अशा हाडात स्क्रू एका झटक्यात उपटून येतो असं क्वचितच होतं. उठता-बसता तो जागच्या जागी डुलतो, भोक मोठं होतं आणि काही महिन्यांनी एक्स-रेत स्क्रूभोवती काळी कडा दिसते. मग दुखणं परत. म्हणून जाड आणि लांब स्क्रू घेतात, भोक मुद्दाम बारीक पाडतात, गरज पडली तर वरखाली एखादा मणका जास्त बांधतात. काही जण स्क्रूची दिशा बदलून कडेच्या टणक हाडात पकड घेतात.

सिमेंट म्हणजे पीएमएमए, गुडघा बदलताना वापरतात तेच. भोकं असलेल्या स्क्रूमधून साधारण दीड ते तीन मिली सोडतात. पातळ असताना सोडलं तर शिरांत शिरतं. टूथपेस्टसारखं घट्ट झाल्यावर, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत हळूहळू सोडायचं असतं. थोडी गळती बऱ्याच जणांत होते आणि त्रास देत नाही, पण फुप्फुसात किंवा नसेजवळ गेलं तर गंभीर. भाऊजींची भीती अगदीच खोटी नाही. आईला दमा आहे, म्हणून भूलतज्ज्ञाशी हे आधीच बोला. आणखी एक तोटा म्हणजे जंतुसंसर्ग झाला तर असे स्क्रू काढणं फार जड जातं.

टेरिपॅराटाइड नवं हाड तयार करतं. ऑपरेशनआधी किमान महिनाभर घेतलेल्यांत स्क्रू बसवताना पकड जास्त मिळाल्याचं जपानी सर्जननी दाखवलंय. ते नंतरही चालू ठेवतात, आणि थांबवल्यावर हाड टिकवणारं दुसरं औषध लागतं, नाहीतर कमावलेलं जातं. आधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि किडनी तपासा. हाडाला कधी रेडिएशन दिलं असेल तर हे औषध नको.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर तीन महिने विसरा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि स्टेरॉइड मनानं बंद करू नका, एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

साताऱ्याची सून :
माझ्या सासूबाईंचं सिमेंटचे स्क्रू घालून झालं, आता देवळात चालत जातात. दादा, एस्टिमेट घेताना त्या स्क्रूंचा खर्च वेगळा विचारा. ऑपरेशननंतर इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून घ्या, पुढं कधी दुसऱ्या डॉक्टरांकडं जावं लागलं तर उपयोगी पडतात.

धागाकर्ता :
डॉक्टर, ताई, आभार. सीटी झालंय, आकडा मोजून मागतो. लुळेपणा वगैरे काही नाही, म्हणजे थांबता येईल असं वाटतंय. एकच विचारायचं राहिलं, इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये ठेवायचं असतं ना? आमच्याकडं लाईट कधीही जाते.

कराडचा हाडवैद्य :
हो, २ ते ८ अंशांत. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, गोठलेलं पेन फेकूनच द्यावं लागतं.