एकाच गटाबद्दल दोन उलट निष्कर्ष कसे निघतात?

प्रश्न

प्रौढांची शारीरिक सक्रियता वय, लिंग आणि वांशिक गट यांनुसार कशी बदलते, यावर मी एक लेख लिहीत आहे. वय आणि लिंग यांबाबतचे चित्र बरेचसे स्पष्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील ३१ टक्के प्रौढ आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमदार हालचालींची किमान पातळी गाठत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के आणि पुरुषांमध्ये २९ टक्के होते, तर साठीनंतर ते दोघांमध्येही वाढते. मी अडलो आहे तो वांशिक गटांपाशी. अमेरिकेतील २०१७ ते २०२० च्या दूरध्वनी सर्वेक्षणात हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले) प्रौढांपैकी सुमारे ३२ टक्के, कृष्णवर्णीयांपैकी ३० टक्के, श्वेतवर्णीयांपैकी २३ टक्के आणि आशियाई वंशाच्या प्रौढांपैकी २० टक्के निष्क्रिय आढळले. मात्र त्याच देशात २००३-०४ मध्ये कमरेला यंत्र बांधून केलेल्या मोजणीत हिस्पॅनिक पुरुष इतरांपेक्षा अधिक सक्रिय निघाले. यातले खरे कोणते मानावे?

पहिला प्रतिसाद

दोन्ही खरे आहेत, कारण दोन्हींनी मोजलेली गोष्ट वेगळी आहे. त्या दूरध्वनी सर्वेक्षणातील प्रश्न नीट वाचा. नेहमीच्या नोकरीतील काम वगळून गेल्या महिन्यात धावणे, बागकाम, व्यायाम म्हणून चालणे असे काही केले का, एवढेच त्यात विचारले आहे. दिवसभर बांधकामावर विटा वाहणारा माणूस संध्याकाळी थकून घरी आला आणि त्याने ‘नाही’ असे उत्तर दिले, तर त्याची नोंद निष्क्रियांत होते. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी वीस मिनिटे फिरून आलेला माणूस मात्र सक्रिय ठरतो. कमरेवरच्या अॅक्सेलरोमीटरला, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या त्या यंत्राला, कामाचे तास आणि फुरसतीचे तास यांत काही फरक कळत नाही. ज्या मिनिटाला शरीर हलले ते मिनिट तो नोंदवतो. ज्या गटात कष्टाच्या नोकऱ्या करणारे अधिक, त्या गटाचा क्रम त्यामुळे एका तक्त्यात तळाशी आणि दुसऱ्यात वर दिसतो.

यंत्राचेही आंधळे कोपरे आहेत, हेही लेखात यावे. जागच्या जागी उभे राहून ओझे उचलणे किंवा सायकल चालवणे कमरेवर फारसे उमटत नाही, आणि पोहताना तर त्या मोजणीत यंत्र काढूनच ठेवावे लागत असे.

दुसरा प्रतिसाद

वयाचे चित्र स्पष्ट आहे, असे आपण म्हणता, तिथे मला थोडे थांबावेसे वाटते. अमेरिकेत २०२० मध्ये एरोबिक (चालणे-धावण्यासारखे दम वाढवणारे) आणि स्नायूबळाचे व्यायाम अशा दोन्ही शिफारशी पाळणारे पुरुष १८ ते ३४ या वयात सुमारे ४१ टक्के होते, तर ६५ व त्यापुढील वयात १५ टक्के. स्त्रियांमध्ये हेच आकडे सुमारे २९ आणि ११ टक्के होते. घसरण खरी आहे, यात शंका नाही. पण एकाच वर्षीच्या सर्वेक्षणातले तरुण आणि वृद्ध ही निरनिराळ्या पिढ्यांची माणसे असतात. वयामुळे किती कमी झाले आणि ती पिढी मुळातच किती कमी व्यायाम करत आली, हे त्या एका आकड्यातून सुटे करता येत नाही. शिवाय यंत्रातील ‘मध्यम तीव्रते’ची सीमारेषा बहुधा सर्व वयांना एकच लावली जाते. पंचाहत्तरीच्या बाईंना दम लावणारी चाल पंचविशीच्या मुलीला रमतगमत वाटते, आणि यंत्र ती बाईंच्या खात्यातही ‘हलकी’ म्हणूनच टाकते. ज्यांना सर्वाधिक कष्ट पडतात त्यांचेच कष्ट असे पुसले जावेत, हे मला फार खटकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मग स्त्री-पुरुषांमधील फरकही प्रश्नाच्या शब्दरचनेतूनच निर्माण झाला, असे म्हणावे का?

तिसरा प्रतिसाद

तसे सरसकट म्हणू नये. फुरसतीतील खेळ आणि व्यायाम यांत स्त्रिया मागे दिसतात, आणि त्यामागे मोकळ्या वेळाची टंचाई, मुलांची व आजाऱ्यांची देखभाल, अंधार पडल्यावर बाहेर पडण्याची भीती अशी ठोस कारणे आहेत. मात्र शब्दरचनेने त्यात भर पडते, हे मी घरोघरी प्रश्नावली भरून घेताना पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत ‘काम’ या शब्दात पगारी आणि बिनपगारी, दोन्ही कामे व घरकाम स्पष्टपणे धरलेले आहे. तरीही, घाईत ते स्पष्टीकरण न वाचता मी नुसतेच ‘कामात अंगमेहनत होते का’ असे विचारले, तेव्हा ओल्या कपड्यांनी भरलेली बादली हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या एका बाईंनी ‘मी कामाला जात नाही’ असे सांगितले, आणि मी शून्य लिहून पुढे निघाले होते. परत वळून पूर्ण वाक्य वाचल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली आणि सकाळपासूनची कामे बोटांवर मोजायला सुरुवात केली. आपल्या लेखात प्रत्येक आकड्याशेजारी मूळ प्रश्न शब्दशः द्यावा, अशी माझी विनंती आहे.