पांढरी तीनमधलं गाणं बँडवर बसवताना क्लॅरिनेट अडखळतात

प्रश्न:
गायिकेच्या साथीसाठी एक भावगीत कॉन्सर्ट बँडला लिहितोय. पट्टी पांढरी तीन (म्हणजे सा = ई), सगळे शुद्ध स्वर. २ फ्लूट, ६ क्लॅरिनेट, २ आल्टो सॅक्सोफोन, १ टेनर सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, २ हॉर्न, ३ ट्रॉम्बोन, १ युफोनियम, १ ट्यूबा, २ तालवाद्यं. अंतऱ्याच्या आधी ग-म-प वर भरभर फिरणारी जागा आहे, ती क्लॅरिनेटला बसत नाही. मग म वरून प ची मींड (न तुटता घसरत जाणं), ती कुणाला द्यावी? गायिका फार तर अर्धा स्वर उतरेल.

उत्तर १:
अर्धा स्वर उतरवाच, काळी दोन (सा = ई फ्लॅट) घ्या. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, आल्टो यांचा कागद ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा वेगळ्या पट्टीत लिहितात. पांढरी तीनला क्लॅरिनेट-ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प (अर्धा स्वर चढे) येतात, आल्टोच्या सात. काळी दोनला क्लॅरिनेटला एक फ्लॅट (अर्धा स्वर उतरा), आल्टोला काहीच नाही.

पण जागा तेवढ्यानं सुटणार नाही. ग-म-प म्हणजे काळी दोनमध्ये क्लॅरिनेटच्या कागदावरचे ए, बी फ्लॅट, सी. बी फ्लॅटला जवळजवळ सगळी छिद्रं उघडी, सी ला एकदम सगळी बंद. हाच तो ब्रेक, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांमधला सांधा, आणि ए-बी फ्लॅटचा आवाजही तिथे पातळ. जागा आल्टोला द्या, तिथे ई-एफ-जी सहज फिरतात. पहिल्या दोन क्लॅरिनेटना एक सप्तक वर लिहा. खालीच हवी असेल तर ए-बी फ्लॅट वाजवतानाही उजव्या हाताची बोटं दाबूनच ठेवायला सांगा.

उत्तर २:
मींड ट्रॉम्बोनची. म तिसऱ्या पोझिशनला (नळी सरकवण्याच्या जागेला), प पहिल्या, मध्ये तुटत नाही. ग पासून हवी तर चौथीपासून सुरू करा. प वरून ध ला मात्र पहिलीतून जाता येत नाही. तिथे प पाचव्या पोझिशनला धरून तिसरीला यायचं. आकडे कागदावर लिहा, नाहीतर वादक सवयीनं पहिलीच धरणार आणि मींड तुटणार.

प्रश्नकर्ता:
फार उपयोग झाला! आणि गाण्याखाली सूर कसे भरू? ट्रॉम्बोनला सा-ग-प दिलंय, घुसमटतं.

उत्तर २:
खालचा सा आणि त्यालगतचा ग, तिथेच चिखल होतो. खाली सा-प एवढंच ठेवा, ग वरच्या सप्तकात हॉर्नला. शब्द चालू असताना ट्रम्पेट गप्प, आणि फ्लूट पहिल्या सप्तकात लिहू नका, ऐकूच येणार नाही. युफोनियम एकच आहे, त्याची ओळ टेनरच्या कागदावर बारीक अक्षरात क्यू म्हणून छापा, म्हणजे तो नसला तर टेनर वाजवेल.