बेन केसीला मेलोड्रामा म्हणू नका
वर कुणीतरी लिहिलंय की जुन्या मेडिकल सिरियल्स म्हणजे नुसती रडारड, मला नाही पटत. १९६१ ते ६६ अमेरिकेत एबीसी या टीव्ही चॅनेलवर लागायची ती 'बेन केसी' बघा ना, विन्स एडवर्ड्सने रंगवलेला न्यूरोसर्जन केसी, कायम कपाळाला आठ्या, वरिष्ठांशी खटके, पण पेशंटसाठी जीव टाकणारा. आणि ते टायटल! फळ्यावर खडूने एकेक चिन्ह उमटतं, पुरुष, स्त्री, जन्म, मृत्यू, अनंत, आणि केसीचे वरिष्ठ डॉ. झोर्बा झालेल्या सॅम जाफीचा आवाज, बस, अंगावर काटाच येतो. १९६१ मध्येच एनबीसी चॅनेलवर 'डॉ. किल्डेअर' आली, रिचर्ड चेंबरलेन दिसायला गोडच, तरी मला केसीच जवळचा वाटतो, चिडतो तेव्हा अगदी खरा वाटतो. शेवटच्या सीझनला मात्र जाफी नाही, ती उणीव जाणवतेच.