'नाव', 'अब्रू' की 'इभ्रत'?

विंगेतला: आमचा हौशी संच यंदा आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' मराठीत करतोय आणि भाषांतर माझ्या गळ्यात पडलंय. 1692 सालचं सेलम (अमेरिकेतलं, तमिळनाडूतलं नव्हे). काही पोरी झपाटल्याचं सोंग घेऊन एकेकीवर चेटकाचा आळ घेत सुटतात आणि कोर्ट त्यांच्या शब्दावर माणसं फासावर चढवतं. शेवटी जॉन प्रॉक्टर जीव वाचवायला खोटी कबुली देतो, सहीसुद्धा करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर फाडून टाकतो. कारण सही म्हणजे त्याचं नाव. मी 'नाव'च ठेवलं. दिग्दर्शकबाई म्हणतात, हे हजेरीपटावरचं नाव वाटतं, 'अब्रू' करा. प्रॉक्टर करणारा म्हणतो, 'माझी अब्रू' म्हणताना पदर सावरावासा वाटतो. काय करू?

माजघर: प्रॉक्टरवाल्याचं बरोबर आहे. आमच्याकडे अब्रू बाईची आणि इभ्रत घराण्याची.

कज्जेदलाल: कोर्टात या एकदा. अब्रूनुकसानीचे दावे लावणाऱ्यांत बाया किती दिसतात ते मोजा.

माजघर: कागदावर असेल. बोलण्यात 'त्याची अब्रू लुटली' ऐकलंय का कुणी?

शुद्धमती: मुळात दोन्ही शब्द परके. अब्रू म्हणजे फारसी आब-रू, चेहऱ्यावरचं पाणी. राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या राजाच्या मुलखात 'लौकिक' आणि 'कीर्ती' असताना ही उसनवारी कशाला?

कज्जेदलाल: फाशीच्या उंबऱ्यावरचा शेतकरी 'माझी कीर्ती' म्हणाला तर प्रेक्षागृहात हशा पिकेल. आणि 'मुलूख' अरबी आहे, ताई.

शुद्धमती: रुळलेल्या शब्दांबद्दल मी बोलत नव्हते.

कज्जेदलाल: अब्रू अजून रुळायची आहे वाटतं.

फारसीदान: इभ्रतीची गंमत पाहा. अरबी-उर्दूत 'इबरत' म्हणजे दुसऱ्याची गत पाहून घ्यायचा धडा. मराठीत येऊन तिची प्रतिष्ठा कशी झाली देव जाणे. माझा आपला तर्क : 'याला असं शासन करा की इतरांना इभ्रत होईल' अशा वाक्यांतून जरब, जरबेतून दरारा, दराऱ्यातून मान. सेलमला दोन्ही अर्थ लागू पडतात म्हणा. तिथली फाशी इबरतीसाठीच होती.

कज्जेदलाल: तर्क छान, पण असं वाक्य एखाद्या जुन्या कागदात दाखवा.

आत्याबाई: मी 'नाव'च्या बाजूची. हजेरीपट कसला? नाव काढलं, घालवलं, राखलं, नाव ठेवलं (बाळाला आणि सुनेला, दोघांनाही), नावाला काळिमा. आणि मुख्य म्हणजे 'नाव सांगणं'. आम्ही शाळेत 'थांब, बाईंना नाव सांगते तुझं' म्हणायचो, म्हणजे चहाडी करते. पोरी तेच तर करतात नाटकात! एकीने सांगितलं की दुसरीला चेव येतो. ज्या मोलकरीण पोरींना कालपर्यंत गप्प बस म्हणत होते, त्यांच्यापुढे न्यायाधीश माना तुकवतात. सत्ता हा शब्द उच्चारायचीसुद्धा गरज नाही. प्रॉक्टर स्वतःपुरतं खोटं बोलायला तयार आहे, पण बाकीच्यांची नावं सांगत नाही आणि स्वतःचं देत नाही. दोन्हीकडे एकच शब्द हवा. तिथे अब्रू घातलीत की जोड तुटली.

विंगेतला: हे पटतंय. फक्त न्यायाधीशाच्या तोंडी मी 'नावं घे' लिहिलंय.

माजघर: मग प्रॉक्टरने उखाणाच घ्यायचा की!

आत्याबाई: 'सांग' करा हो. मिलरवरही तीच वेळ आली होती. 1956 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याला कम्युनिस्ट बैठकांना आलेल्या लेखकांची नावं विचारली. त्याने सांगितली नाहीत. 1957 मध्ये अवमानाबद्दल दोषी ठरला, 1958 मध्ये अपिलात सुटला. नाटक 1953 चं, म्हणजे आधी लिहिलं आणि मग भोगलं.

धडगावकर: तुम्ही 'विच'ला काय शब्द घेतलात? आमच्या सातपुड्यात डाकीण म्हणतात. घरात दुखणं आलं, गुरं दगावली की भगताकडे जायचं. तो दाणे बघतो आणि नाव निघतं. पुष्कळदा ते एकट्या बाईचं किंवा विधवेचं असतं आणि तिच्या नावावर शेताचा तुकडा असतो. नाटकातही जमिनीचं आहेच ना?

विंगेतला: आहे. शेजाऱ्याला जमीन बळकवायची आहे असं जाइल्स कोरी भर कोर्टात म्हणतो आणि हे कुणी सांगितलं त्याचं नाव द्यायला नकार देतो. तो खरोखरचा माणूस, ऐंशीच्या आसपासचा. गुन्हा कबूलही करीना, नाकारीना, म्हणून अंगावर दगड रचून मारला. एकोणीस जण फासावर गेले, त्यांत पाच पुरुष. कबूल झाले ते जगले, नाकारणारे लटकले. म्हणून तर 'चेटकीण' अडचणीचा, पुरुषांना काय म्हणू?

माजघर: हडळ चालणार नाही ना?

धडगावकर: हडळ व्हायला आधी मरावं लागतं. डाकीण जिती असते. पालघरकडे भुताळी म्हणतात, तीही जिती.

आत्याबाई: पुरुषाला चेटक्या म्हणा. डाकीण आणाल तर प्रेक्षक सेलम सोडून नंदुरबारला पोचेल.

धडगावकर: पोचू दे की. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अमुक बाई करणी करते असं ठरवून तिला छळणं गुन्हा केलाय, तो काय 1692 साठी? आणि पुण्या-मुंबईत 'चेटकीण' म्हटलं की झाडूवर बसलेली, टोकदार टोपीची म्हातारी दिसते. मुलांच्या गोष्टीतली. तिला कोण भिणार?

विंगेतला: पण पात्रं ख्रिस्ती आहेत आणि प्रचलित मराठी बायबलात, निर्गममध्ये, चेटकीणच आहे. बरं, ते असू द्या. 'गिल्ट'चं काय करू? कोर्टाचा 'दोषी' ठीक आहे. पण आळ घेणाऱ्या पोरींची म्होरकी अ‍ॅबिगेल, तिच्याशी प्रॉक्टरचं पूर्वी लफडं होतं, ते त्याला आतून खातं. 'अपराधीपणाची भावना' लिहिलं तर समुपदेशनाला बसल्यासारखा वाटतो.

नगरची: आमच्या घरी प्रार्थनेत 'पाप पदरी घेणं' म्हणतात. मराठी बायबलातच आहे, योहानाच्या पहिल्या पत्रात, 'आपली पापे पदरी घेतली तर'. प्रॉक्टरला अगदी बसेल. लफडं तो भर कोर्टात पदरी घेतो, चेटूक घेत नाही. न्यायाधीश खरं-खोटं करायला बायकोला बोलावतात. जन्मात खोटं न बोललेली ती बाई नवऱ्याचं नाव राखायला 'तसं काही नव्हतं' म्हणते आणि त्यालाच बुडवते. आणि हा शब्द उपरा नाही बरं. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली होती 1812 मध्ये, सेलमच्याच टॅबर्नेकल चर्चमध्ये. नगरचं आमचं मिशन त्याच झाडाची फांदी.

विंगेतला: हे भारीच! 'पदरी घेणं' आजच घालतो.

माजघर: म्हणजे पदर आलाच शेवटी.

फारसीदान: नाटकाला नाव काय देताय? क्रुसिबल म्हणजे सोनाराची मूस.

कज्जेदलाल: 'दिव्य' ठेवा. पेशवाईत खरं-खोटं ठरवायला रवा दिव्य असे, उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला की खोटा.

शुद्धमती: 'दिव्य' सुंदर. एकदा तरी संस्कृत शब्द सुचला तुम्हाला.

धडगावकर: दिव्यात निदान सुटायची वाट होती. सेलमात निर्दोष म्हणशील तर फाशी. 'मूस'च बरं.

फारसीदान: चेटकावरून आठवलं. संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. चेटूक म्हणजे दासासारखं राबवलेलं भूत, अशी माझी व्युत्पत्ती. आणि सेलममध्ये पहिली कबुली कुणाची? टिटुबाची, पाद्र्याच्या घरातल्या गुलाम बाईची!

कज्जेदलाल: योगायोगाला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

फारसीदान: मग तुम्ही सांगा कुठून आला.

शुद्धमती: कुठूनही येवो, फारसीतून नाही एवढं नक्की.