पुस्तक मिटल्यावर आपण काय केलेत?

कथा-कादंबऱ्यांवर आपण भरभरून बोलतो. समाज, संस्कृती आणि प्रवास यांवरील ललितेतर पुस्तकांचा विषय मात्र ‘माहितीपूर्ण आहे’ एवढ्यावर संपतो. म्हणून ही विनंती : परीक्षण नको, पुस्तक वाचून झाल्यावर आपण कोणाला काय विचारलेत, कुठे गेलात, कोणते मत बदललेत, ते सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मी प्रथम साहसकथा म्हणूनच वाचला. वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा शहरात राहून अनुभवतो आणि अखेर गंगाजलाची कावड घेऊन घरी येतो. पुढे कळले की १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मूळ मजकुरावर बराच हात फिरला होता आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून वेगळी आवृत्ती काढली. दोन्ही पुस्तके शेजारी उघडून बसलो, तेव्हा मला आवडलेली भाषा नक्की कोणाची, असा प्रश्न पडला. तेव्हापासून जुने पुस्तक हाती घेतले की संपादकाचे निवेदन मी आधी वाचतो. इतर वाचकांनी लिहिलेले पुढे एकेक करून दिले आहे.

*

आमचे घराणे सुतारांचे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) मी अभ्यासासाठी आणले आणि त्यातले शब्द अडू लागले, म्हणून ते रोज संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवू लागलो. पुस्तकात बलुत्याची पद्धत नीट समजावलेली आहे. पण आजोबांनी मला मध्येच थांबवले आणि जमिनीवर बोटाने खळे काढून दाखवले. मध्ये तिवडा म्हणजे मळणीचा खांब, एका बाजूला रास, आणि कडेला जिथे सुतार, लोहार, चांभार आपापल्या पेंढ्यांची वाट पाहत ती जागा. “आबा, तुम्ही मागत होता का?” असे मी विचारले. ते म्हणाले, “मागायचं नाही, पण उभं राहायचं.” वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करणाऱ्या माणसाला हक्काच्या धान्यासाठीही असे उभे राहावे लागे, ही गोष्ट व्यवस्थेचे वर्णन वाचून माझ्या लक्षात आली नसती.

आत्रे महसूल खात्यात होते, त्यामुळे त्यांना गाव बारकाव्यानिशी दिसतो. फिरस्त्या जमातींविषयी मात्र त्यांचा सूर कठोर आहे. तो वाचून अस्वस्थ झालो आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) पुन्हा काढले. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाने तेच गाव वेशीबाहेरून पाहिलेले आहे. ही दोन पुस्तके माझ्या कपाटात आता एकमेकांना लागूनच असतात, आणि कोणी एक मागितले तर मी दोन्ही देतो.

*

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचून मी वारीला गेले. ज्या भूमीतील माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना सुचलेली व्याख्या सर्वांना ठाऊक असते. त्याच लेखात, दिवसभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या बायका जेवायला जातीप्रमाणे वेगळ्या बसतात याचे दुःखही आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. आमच्या दिंडीत पंगत एकच होती. तरी चौथ्या मुक्कामी, स्वयंपाकाला कोण बसते आणि भांडी कोण घासते, हे मी पाहिले आणि वहीत लिहून ठेवले.

*

पंडिता रमाबाई यांचे अमेरिकेवरील पुस्तक (१८८९) मी परदेशात नोकरीला असताना वाचले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, आणि तेथील शाळा, संस्था व स्त्रियांची स्थिती यांविषयी मराठीत लिहिले. कौतुक करतानाही वर्णभेद त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. त्यानंतर घरी पाठवायच्या पत्रांत ‘इथे सगळे छान आहे’ असे लिहिणे मी बंद केले.

*

दुर्गाबाई भागवतांचे ‘पैस’ वाचून आम्ही दोघे नेवाशाला गेलो. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो खांब मी लहानपणी पाहिला होता. तेव्हा नमस्कार करून लगेच बाहेर आले होते. या वेळी बराच वेळ बसलो. दगडावरची कोरीव अक्षरे मला लागत नव्हती, म्हणून यजमानांनी मोबाइलचा उजेड तिरपा धरला आणि मी एकेक अक्षर वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या ओळीशी पोचेपर्यंत मागे दर्शनाची रांग लागली, तेव्हा उठावे लागले. उरलेल्या ओळींसाठी पुन्हा जाणार आहोत.